झाडतोडीच्या कामाला परतताय? चेन सॉ आणि सोबतच्या सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, भात झोडून झालं की कोकणात झाडतोडीचा हंगाम सुरू होतो आणि मिरगापर्यंत चालतो. याच सुमारास काही जण बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर या कामाकडे वळतात. कुणी मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला असतो, कुणी मधली वर्षं टेम्पो चालवलेला, कुणी आजारपणातून उठलेला. खालचे प्रश्न त्यांचे आहेत. नवशिक्यांनीही वाचावेत, पण झाड पाडायचं कसं हे इथे शिकवलेलं नाही. ते जाणत्या माणसाबरोबर उभं राहूनच शिकायचं.

पूर्वी ७० सीसीचं मशीन चालवायचो. आता परत तसलंच घेऊ का?

निदान पहिल्या हंगामात तरी घेऊ नका. हाताला कसब आठवतं, पण खांदा, कंबर आणि मनगट यांची सवय सुटलेली असते, आणि हे दुपारी दोननंतर कळतं. अपघाताची वेळही तीच.

आपल्याकडे मालकीच्या जागेतलं रोजचं काम कसलं असतं ते बघा. आकेशिया, गिरीपुष्प, काजूची म्हातारी झाडं, सुरू, मधूनच साग किंवा आईन-किंजळ. यातली बरीचशी झाडं चार फूट घेराच्या आतली. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास निघतो, म्हणजे चार फूट घेराचं झाड साधारण सव्वापंधरा इंच जाड. याला ४५ ते ५० सीसीचं, सव्वादोन-अडीच किलोवॉटचं मशीन पुरून उरतं. उदाहरण द्यायचं तर स्टिलचं एमएस २५० हे ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॉटचं आहे, तर एमएस ३८२ हे ७२.२ सीसी आणि ३.९ किलोवॉटचं. दोन्हींच्या नुसत्या इंजिनाच्या वजनात दीड किलोच्या आसपास फरक पडतो. वर लांब पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), चेन, भरलेली टाकी. दीड किलो कागदावर काहीच वाटत नाही, पण उताराच्या बागेत दिवसभर फांद्या साफ करताना तेच दीड किलो बोलायला लागतं.

मोठं मशीन कुणी घ्यावं? ज्याला जुने रायवळ आंबे, फणस, वडासारखी जाड झाडं नेहमी पाडायची आहेत किंवा ओंडके जागेवर चिरायचे आहेत त्याने. तसं काम वर्षातून दोन-चारदाच येत असेल तर मोठं मशीन तेवढ्यापुरतं भाड्याने आणा.

५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं मशीन इतक्या स्वस्तात मिळतं. मग ४५ सीसीला कित्येक पट पैसे का मोजायचे?

सीसीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. खोक्यावर किलोवॉट किती लिहिलंय ते शोधा. तो आकडा नसेल तर तिथेच थोडं सावध व्हा. दुकानात मशीन हातात घेतलं की या गोष्टी तपासा. पुढचा हातगार्ड ढकलल्यावर चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन थांबवणारा ब्रेक, खाडकन लागतो का. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का, की सगळा धडधडाट थेट मनगटात येतो. मशीन चालू करून पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरलं आणि रेस दिली की कागदावर तेलाची रेघ उमटते का. इंजिन संथ चालू असताना चेन जागची हलता कामा नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुटे भाग. कार्बोरेटरचा पडदा, स्टार्टरची दोरी, क्लचचा स्प्रिंग हे कणकवली, कुडाळ, चिपळूण, माणगाव यांपैकी तुम्हाला जवळ पडेल तिथे मिळतात का, एवढं विचारून या. हंगामात मशीन आठवडाभर खोलून पडलं की ठेकेदार दुसरा कटरवाला बघतो. स्वस्त मशीन वाईटच असतं असं नाही. घरच्या सरपणापुरतं, वर्षातून थोडे दिवस चालवायचं असेल तर ते चालून जातं. रोजंदारीचं काम मात्र त्याच्या भरवशावर घेऊ नये, असं माझं मत आहे.

जुनं मशीन माळ्यावर पडलंय. तेच चालू केलं तर?

आधी दोरी ओढू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. आतली रबरी नळी बोटाने दाबून बघा. चिकट किंवा कडक झाली असेल तर नळी, फिल्टर आणि कार्बोरेटरचे पडदे एकदमच बदला. प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइलचे चार थेंब सोडा आणि दोरी हळू ओढा. एक्झॉस्ट खोलून पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर त्या मशीनवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

चेन ब्रेकची पट्टी गंजलेली असली तर ती बदलल्याशिवाय मशीन बाहेर नेऊच नका. खूप जुन्या मशीनांना चेन ब्रेकच नसतो. तसलं मशीन कितीही जोरात चालत असलं तरी ते भंगारात द्या.

पट्टी किती इंची घ्यावी?

१६ इंची. जाड काम जास्त असेल तर १८. दोन्ही बाजूंनी कापता येत असल्यामुळे १८ इंची पट्टीने तीस इंच जाड बुंधाही जाणत्या हाताला कापता येतो. ४५ सीसीच्या मशीनला २२ इंची पट्टी लावली की चेन रखडते, तेल टोकापर्यंत पोचत नाही आणि पट्टीचं टोक नको तिथे लागण्याची शक्यता वाढते. टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येतं. पट्टी जितकी लांब, तितकं ते टोक नजरेआड.

चेन मागितली की दुकानदार नंबर विचारतो. काय सांगायचं?

तीन गोष्टी: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या. तिन्ही बहुधा पट्टीच्या मशीनकडच्या टोकाला कोरलेल्या असतात. घासून गेल्या असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा. साधारण ८.२५ मिलिमीटर आलं तर पिच .३२५, आणि ९.३ आलं तर ३/८. गेज म्हणजे पट्टीच्या खाचेची रुंदी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. १.५ च्या खाचेत १.६ ची चेन जात नाही, आणि १.६ च्या खाचेत १.५ ची चेन डुलते व कापणी तिरकी जाते. जुनी चेनच खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात सोपं.

दातांचे दोन मुख्य प्रकार मिळतात. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ लाकडात फार वेगाने कापतो, पण माती लागली की लगेच बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दात थोडा सावकाश कापतो, धार मात्र टिकवून धरतो. कोकणात, जिथे बुंध्यावर जांभ्याची लाल माती आणि वाळवीची वारुळं चढलेली असतात, तिथे गोलसर कोपऱ्याचाच घ्या. मशीनबरोबर आलेली चेन धरून एकूण तीन चेन हाताशी असाव्यात. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) साधारण दोन-तीन चेनमागे बदला, नाहीतर घासलेलं स्प्रॉकेट नवी चेनही खातं.

धार किती वेळाने लावायची? आमच्याकडे एकजण दिवसातून एकदा लावतो, दुसरा सतत लावत बसतो.

सतत लावणाऱ्याचं बरोबर आहे. टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दातावर कानशीचे दोन-तीन हात मारा. एवढं केलं तर मोठी घासाई क्वचितच लागते. धार गेली हे ओळखायला भुशाकडे बघा. धार असताना जाडसर कपचे उडतात, धार गेली की पिठासारखी पूड पडते. मशीनवर जोर द्यावा लागला, धूर आला, तर तुम्ही आधीच उशीर केलाय. बोथट चेनने इंजिन तापतं, पट्टी झिजते, पेट्रोल जळतं आणि माणूस दमतो. ७० सीसीच्या बोथट मशीनपेक्षा ४५ सीसीचं धारदार मशीन पुढे जातं. त्यामुळे मोठ्या इंजिनासाठी राखलेल्या पैशांतले थोडे कानशी, कानस नीट धरायचं गाइड आणि जादा चेनवर घालवा.

कानस गोलच हवी, आणि पिचप्रमाणे जाडीची. ३/८ लो-प्रोफाइलला (कमी उंचीच्या चेनला) ४ मिलिमीटर, .३२५ ला ४.८, आणि पूर्ण ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, नेहमीच्या चेनला ३० अंशांत. परत येताना कानस उचलायची, घासत आणायची नाही. सगळ्यात आखूड झालेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. एका बाजूचे दात लांब राहिले की कापणी वळत जाते, आणि लोक पट्टीला दोष देतात.

दातासमोरचा छोटा उंचवटा बरेच जण विसरतात. दात घासून खाली आला आणि तो उंचवटा तसाच राहिला तर धार कितीही असली तरी चेन चावत नाही. चार-पाच वेळा धार लावल्यावर उंची मोजायचं माप ठेवून चपट्या कानशीने तो उतरवा, दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. जास्त उतरवलात तर मशीन हिसके देतं आणि उसळण्याचा धोका वाढतो. हाताच्या ग्राइंडरने घाईत धार लावू नका. दात निळा पडला की त्याचं पाणी गेलं.

माड कापताना चेन इतकी लवकर का जाते?

माडाच्या खोडात सिलिकाचे बारीक कण असतात, आणि बाहेरची साल-काठ टणक तर गाभा मऊ. दातांना ते रेताड लाकूड वाटतं. शिवाय तंतू स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात, म्हणून दर थोड्या वेळाने मशीन बंद करून झाकण काढायचं आणि साफ करायचं. माडाच्या कामाला जुनी, अर्धी झिजलेली चेन राखून ठेवा. पाचरीवर फार विसंबू नका, कारण मऊ गाभ्यात ती रुतते आणि खोड उचलत नाही. घराशेजारचा माड तर पाडेल्याकडून (माडावर चढणाऱ्याकडून) वरून तुकड्या-तुकड्याने उतरवून घेणंच शहाणपणाचं.

पेट्रोलमध्ये ऑइल किती? इथेनॉलमुळे मशीन बिघडतं म्हणतात ते खरं का?

प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं, तेच पाळा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल आणि ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर. २५ ला १ सांगितलं असेल तर ४० मिलिलिटर. झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाची सिरिंज वापरा. ऑइलच्या डब्यावर जेएएसओ एफडी ही दर्जाची खूण बघून घ्या. मोटारसायकलचं फोर-टी ऑइल इथे चालत नाही.

इथेनॉलचा त्रास खरा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा! पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो, त्यामुळे इंजिनात जातं ते जवळपास ऑइल नसलेलं मिश्रण, आणि पिस्टन घासला जातो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात. म्हणून मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा, कॅन घट्ट बंद ठेवा, ओतण्यापूर्वी हलवा. महिनाभर जुनं मिश्रण मशीनमध्ये घालू नका.

चेनला गाडीचं जळकं ऑइल चालतं ना? सगळे तेच घालतात.

घालतात खरे. त्यात धातूचे कण असतात, ते ऑइल पंप आणि पट्टीची खाच खातात. आणि ते चेनवरून उडून तुमच्या हातावर, तोंडावर, बागेच्या मातीत जातं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. चेन ऑइल महाग वाटत असेल तर नवं, साधं एसएई ३० इंजिन ऑइल घाला. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर ऑइलची टाकीही जवळपास संपली पाहिजे. नाही संपली तर पट्टीचं तेलाचं भोक बुजलंय.

चेनपासून पाय वाचवणारी ती जाडी सुरक्षा पँट आमच्या उकाड्यात घालून काम कसं करणार?

दोन तंगड्यांपुढे बांधायचे चॅप्स घ्या. पूर्ण पँटपेक्षा ते खूप सुसह्य असतात, मागची बाजू उघडी राहते. आत लांब तंतूंचे थर असतात. चेन कापडात घुसली की ते तंतू ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये अडकतात आणि चेन क्षणात थांबते. लेबलवर ईएन ३८१ किंवा आयएसओ ११३९३ असा उल्लेख बघा. क्लास १ म्हणजे २० मीटर प्रति सेकंद वेगाच्या चेनपर्यंतची चाचणी, आणि आपल्या मशीनांना तेवढं घेतलेलं बरं. जाड जीन्स किंवा पोत्याचं कापड हा त्याला पर्याय नाही. एकदा चेन लागलेला चॅप्स परत शिवून वापरायचा नाही. धुताना ब्लीच नको.

उकाड्यावर उपाय कामाच्या वेळेत आहे. पहाटे उजाडलं की सुरू, अकरा-साडेअकराला मशीन बंद, दुपारी कोयत्याचं आणि ओढाओढीचं काम, आणि ऊन उतरल्यावर थोडं. फेब्रुवारी-मार्चनंतर तर हेच वेळापत्रक चालतं.

हेल्मेट बांधकामावरचं पिवळं नको. जाळीचा पडदा आणि कानावरचे मफ असलेलं घ्या. चेन सॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. जे आधी बरीच वर्षं मफशिवाय चालवत होते त्यांना आजही घरात टीव्ही मोठा लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. बूट घोट्याच्या वर जाणारे, पुढे स्टीलची टोपी असलेले. ते चेनसाठी आहेतच, पण पालापाचोळ्यात आणि लाकडाच्या ढिगाखाली बसणाऱ्या फुरशासाठीही आहेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण काजूचा आणि बिब्ब्याचा चीक अंगावर उडला की फोड येतात. लुंगी, गळ्यात लोंबता टॉवेल, हातातलं कडं हे मशीनजवळ नको.

बॅटरीचं मशीन कामाचं आहे का?

आंब्याच्या फांद्या छाटायला, वाडीतल्या लहान कामाला फार छान. आवाज कमी, धूर नाही, कलमावर चढलेल्या माणसाला दोरी ओढत बसावं लागत नाही. दिवसभर झाडं पाडायची तर बॅटऱ्यांचा खर्च मशीनएवढाच होतो आणि जंगलात चार्जिंग कुठे करणार? मुख्य मशीन पेट्रोलचं, जोडीला बॅटरीचं, असं बागायतीच्या कामात जमतं.

हाताला मुंग्या येतात, पहाटे बोटं पांढरी पडतात. पूर्वीही व्हायचं.

मग काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षांच्या कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आणि पुन्हा कंपन लागलं की ते वाढतं. मधुमेह असेल तर आणखी जपा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हातच लावू नका. मशीन निवडताना कंपनाचा आकडा विचारा. युरोपात आठ तासांच्या कामासाठी सरासरी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही मर्यादा धरतात. झिजलेले रबर बुश बदला, दोघांनी आलटून पालटून चालवा.

मशीनव्यतिरिक्त पिशवीत काय हवं?

प्लास्टिकच्या दोन-तीन पाचरी (लोखंडी नकोत, चेन लागली की दात गेलेच), घण, पहार, जाड दोर, प्लगपाना, जादा प्लग, कानशी. जखमेवर दाबून बांधायचा मोठा पट्टीचा गठ्ठा कमरेला, गाडीत नव्हे. आणि सोबत एक माणूस, ज्याला १०८ ला फोन करून जागा नीट सांगता येते. कितीतरी वाड्यांत रेंज नसते, ती कुठे येते ते काम सुरू करण्याआधी बघून ठेवा. झाडावर वर बघायला विसरू नका, आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं घर मशीनच्या आवाजाने उठतं.

वादळात पडलेली झाडं कापायची आहेत. काय वेगळं लागतं?

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर सगळ्या किनाऱ्यावर अशी कामं रात्रंदिवस चालली होती. उभं झाड पाडण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. आडवं पडलेलं खोड कुठे ताणलेलं आणि कुठे दाबलेलं आहे ते आधी वाचावं लागतं. दाबलेल्या बाजूने थोडा छेद, मग ताणाच्या बाजूने हळूहळू. उलटं केलं की पट्टी अडकते किंवा खोड फाटून अंगावर येतं. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गोळा झटक्यात परत खड्ड्यात बसतो, म्हणून त्याच्या मागे कुणीही उभं राहता कामा नये. तारेवर पडलेल्या झाडाला महावितरणच्या माणसाने वीज बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत हात लावायचा नाही. मशीन इथे लहानच बरं, पण जादा पट्टी आणि चेन हवी, कारण एक अडकली की सोडवायला दुसरी लागते.

स्वतःच्या जमिनीतलं झाड कापायला परवानगी कशाला?

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, आंबा, फणस, खैर, आईन, किंजळ, हिरडा, चिंच, जांभूळ अशी ठरावीक झाडं मालकीच्या जागेतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वन खात्याच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो, सातबारा जोडावा लागतो. तोडीची परवानगी वेगळी आणि लाकूड वाहून नेण्याचा पास वेगळा. कांदळवनाला तर हात लावूच नका, सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर त्याच्या तोडीवर बंदी घातली आहे. मालक ‘सगळं झालंय’ म्हणाला तरी कागद स्वतः बघा. पकडलं जातं ते मशीन, आणि ते तुमचं असतं.

पावसाळ्यात मशीन कसं ठेवावं?

टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. प्लग काढून आत ऑइलचे काही थेंब, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत. पट्टी-चेन काढून साफ करा, खाचेतला भुसा खरवडा, पट्टीच्या कडेचं कंगोर चपट्या कानशीने घासा आणि पट्टी पुढच्या हंगामात उलटी लावा. चेन ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवा. मशीन कोरड्या जागी, चुलीपासून लांब, कपड्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो. आणि उंदरांना स्टार्टरची दोरी फार आवडते.